वैदेहीचा पंप

पुढच्या महिन्यापासून तू एकटीच जात जा, असं दिनानाथ टिपणीसांनी सुनेला सांगितलं, तेव्हा ते दोघं बदलापूर गावाबाहेरच्या पुलावर सायकली कठड्याला टेकवून उभे होते. खाली उल्हास नदी दिवाळीनंतर निवळली होती. वैदेहीने बाटलीतला घोट गिळला आणि विचारलं, का म्हणून. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. हा आता कुरकुर करतो, म्हणाले. आणि लगेच पुढे जोडलं, "पण त्याआधी तुझा स्वतःचा पंप घ्यायचा. पंपाशिवाय मी तुला बारवी धरणाच्या रस्त्यावर सोडणार नाही."

वैदेहीला ते काही पटलं नाही. लिफ्ट बंद होती म्हणून याच माणसाने आदल्या दिवशी दहा किलो तांदूळ तीन मजले चढवून आणले होते, आणि वर येऊन चहा मागितला होता. पण सासऱ्यांना उलटतपासणी आवडत नसे. तिने बाटली परत सायकलला अडकवली.

टिपणीसांचं घर अंबरनाथ पूर्वेला, बी केबिन रोडवर. दिनानाथ तिथल्या एका केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं होते. टाक्यांवरचे, बॉयलरवरचे दाब मोजायचे गेज काढून आणायचे, तपासायचे, काटा केसभर जरी चुकत असला तरी सुधारून परत बसवायचे, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी बारीक टायरची, वाकड्या हँडलची रोडबाइक घेतली. मुलगा अनीश मर्चंट नेव्हीत, वर्षातले सात महिने समुद्रावर. सून वैदेही एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. चौतिसाव्या वर्षापर्यंत तिला सायकल येत नव्हती. माहेरी एकच सायकल होती आणि ती भावांची होती. हे तिने एकदा जेवताना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे कोणाची तरी जुनी सायकल मागून आणून दारात उभे राहिले. शिवमंदिराकडच्या मैदानात तीन आठवडे ते तिची सीट धरून मागे धावले. सून सासऱ्याबरोबर पहाटे कुठे जाते, या शेजारणींच्या प्रश्नांना सासूबाईंनी, मालिनीबाईंनी, परस्पर उत्तरं दिली.

त्याला आता चार वर्षं झाली होती. वैदेहीकडे स्वतःची रोडबाइक आली होती. दर रविवारी अंबरनाथहून बदलापूर, तिथून बारवी धरणाच्या रस्त्याने जमेल तेवढं पुढे आणि नऊच्या आत घरी, हा दोघांचा नेम होता. या चार वर्षांत वैदेहीची सायकल अकरा वेळा पंक्चर झाली आणि अकराही वेळा ती दिनानाथांनी नीट केली. जास्तीची ट्यूब त्यांच्याकडे, टायर उचकटायच्या पट्ट्या त्यांच्याकडे, पंप त्यांच्याकडे. वैदेही बाजूला उभी राहून केळं खायची. त्यांचा पंप हातभर लांब होता, त्यांच्या उंच सायकलच्या आडव्या दांड्याखाली बरोबर अडकायचा. वैदेहीच्या लहान सायकलला तो मावत नव्हता. आणि तो ओढायला जी लांब हातांची झेप लागते तीही तिच्याकडे नव्हती.

रस्त्यातल्या पंक्चरवाल्यांवर विसंबणं शक्य नव्हतं. त्यांच्या नळीचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं, आणि रोडबाइकचा व्हॉल्व्ह असतो पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक. शिवाय या टायरला हवा लागते मोटरसायकलच्या दुपटीहून जास्त, ऐंशी पौंडांपर्यंत. हे सगळं वैदेहीला तोंडपाठ होतं. फक्त हाताने कधी केलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिच्या सायकलचं पुढचं चाक काढून दोघं रिक्षाने उल्हासनगर कॅम्प पाचला गेले. तिथे जयदेवभाईंचं सायकलचं दुकान होतं. पुढे लहान मुलांच्या रंगीत सायकली टांगलेल्या आणि आतल्या काचेच्या कपाटात रोडबाइकचं सामान. जयदेवभाई सिंधी, साठीला टेकलेले. दिनानाथांना ते 'साईं' म्हणत आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवत. चाक कशाला आणलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी काउंटरवरची बिलबुकं बाजूला सारली आणि चार पंप मांडले.

दिनानाथांनी आधी दोन बाद केले. एक बॅटरीवर चालणारा होता. त्यावर त्यांचं म्हणणं असं की ज्या दिवशी पंक्चर होईल त्याच दिवशी तो चार्ज करायचा राहिलेला असेल. दुसरा जाडजूड होता. त्याबद्दल जयदेवभाई स्वतःच म्हणाले, "जाडा पंप लवकर भरतो साईं, पण पन्नासच्या वर गेला की हात तोडतो. वो मोटा टायर के लिए है."

राहिले दोन. एक वीतभर, पेनच्या डबीसारखा, चकचकीत आणि इतका हलका की खिशात आहे हे कळू नये. दुसरा बारीकच, पण त्याच्या दीडपट लांब. त्याला पोटातून बाहेर निघणारी रबरी नळी होती आणि खाली पाय ठेवायला घडीची पट्टी. दिनानाथांनी चकचकीत पंप उचलून वैदेहीच्या हातात दिला. तुला हलकाच बरा, म्हणाले. बाटलीच्या बाजूला लावला तर दिसणारही नाही.

वैदेहीने चाक गुडघ्यांत धरलं आणि पंप व्हॉल्व्हवर बसवून हवा भरायला लागली. पहिले साठ झटके सोपे गेले. पुढे दांडा जड व्हायला लागला. नळी नसल्यामुळे प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्हच हलत होता. एका हाताने तो सांभाळायचा की दुसऱ्याने जोर लावायचा हे कळेना. शंभराच्या पुढे तिच्या दंडात गोळे आले. जयदेवभाईंनी गेज लावून पाहिलं. अठ्ठेचाळीस.

"तुझी पद्धत चुकतेय," दिनानाथ म्हणाले. "कोपर अंगाशी धरायचं. दे इकडे."

त्यांनी चाक आपल्याकडे घेतलं, व्हॉल्व्ह डाव्या बाजूला येईल असं धरलं आणि पंपाचं तोंड त्यावर टेकवायला गेले. ते टेकलं नाही. व्हॉल्व्हच्या दोन बोटं अलीकडे, रिमवर आपटलं. त्यांनी पुन्हा नेलं. या वेळी ते व्हॉल्व्हच्या टोकावर तिरपं बसलं आणि दिनानाथांनी जोर लावल्यावर आतली बारीक सळई वाकली. सगळी हवा फुस्स करून गेली.

जयदेवभाई म्हणाले की होतं असं, बिना नळीच्या पंपाने रोजच होतं, आणि नवी ट्यूब काढायला आत गेले. ते मुद्दामच आत रेंगाळताहेत हे वैदेहीला दिसलं. सासरे रिमवरून बोट फिरवत वाकलेली सळई शोधत होते. तेहतीस वर्षं केसभर फरक हेरणाऱ्या माणसाला हातातल्या चाकाचा व्हॉल्व्ह सापडत नव्हता. मग तिला बाकीचं आठवायला लागलं. गेल्या पावसाळ्यापासून ते तिच्या पुढे राहत नव्हते, मागे राहून तिच्या चाकावर नजर ठेवून चालवत होते. बदलापुरात कात्रपच्या चौकात डावीकडून आलेल्या रिक्षापुढे त्यांनी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला होता आणि नंतर रिक्षावाल्यालाच सुनावलं होतं. घरी हवा भरताना काटा वाचायचं काम त्यांनी कधीतरी हळूच तिच्याकडे दिलं होतं.

समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. जयदेवभाई ट्यूब घालेपर्यंत आपण तिथे बसू, असं ती म्हणाली. दोन ग्लास आले. दिनानाथांनी आपला उचलला नाही.

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

त्यांनी ग्लास थोडा लांब सरकवला. मग सांगितलं, शांतपणे, आपल्या जुन्या रिपोर्टची भाषा असावी तसं. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचा डावीकडचा आणि खालचा भाग गेला आहे, तो परत येणार नाही. उजवा ठीक आहे, त्यात थेंब चालू आहेत. जुलैत कळलं. डॉक्टरांनी रस्त्यावर सायकल चालवायची नाही असं तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणजे चार महिने ते तसेच तिच्याबरोबर येत होते. वैदेहीला राग आला, आणि तो तिने लपवलाही नाही. चार महिने तुम्ही माझ्या मागच्या चाकाच्या भरवशावर चालवत होता आणि मला माहीतच नव्हतं, असं ती म्हणाली. मला माहीत असतं तर मी खड्डे तरी हाताने दाखवले असते.

"म्हणूनच नाही सांगितलं," दिनानाथ म्हणाले. "मग तू माझ्यासाठी चालवली असतीस. रविवार तुझा राहिला नसता."

तिने आईंना माहीत आहे का एवढं विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही. आज सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं, आणि ते नको म्हणाले नाहीत. मग त्यांनी रसाचा ग्लास उचलला.

दुकानात परत आल्यावर वैदेहीने नळीचा पंप मागितला. नळी व्हॉल्व्हला लावली, खटका दाबला, पंप जमिनीवर उभा करून पट्टीवर पाय ठेवला आणि वरून अंगाचा भार टाकत भरायला लागली. वेळ लागला. घाम आला. पण जोर दंडांतून लागत नव्हता, पाठीतून आणि वजनातून लागत होता, आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नव्हता. दोनशेच्या पुढे झटके झाल्यावर गेज ऐंशीला टेकला.

दिनानाथांनी तो पंप हातात तोलून पाहिला. हा चकचकीत पंपाच्या दुप्पट वजनाचा भरेल, चढावर जाणवेल, म्हणाले.

"जाणवू दे. दाबायचा मला आहे."

हे ऐकून ते हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसणं. जयदेवभाईंनी पंप पिशवीत घातला आणि वर रबराचे दोन पट्टे तसेच टाकले.

घरी मालिनीबाईंना सांगायचं काम दिनानाथांनीच केलं. वैदेही स्वयंपाकघरात थांबली. मग मालिनीबाई आत आल्या, त्यांनी फ्रिज उघडला, दारातली थेंबांची बाटली काढून तिच्यावरचं नाव वाचलं. ही बाटली त्या चार महिने रोज पाहत होत्या. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिलेत, असं त्यांना सांगितलं होतं. "यापुढे मी घालणार," एवढंच त्या म्हणाल्या.

पंप घेऊन प्रश्न संपला नव्हता. तो न्यायचा कसा, यावर पुढचा आठवडा गेला. वैदेहीला वाटलं, जर्सीच्या पाठीवरच्या खिशात टाकावा. दिनानाथांनी ते साफ नाकारलं. पडलीस तर तो मणक्यात घुसेल, म्हणाले. सीटखालच्या पिशवीत तो मावेना. शेवटी बाटलीच्या पिंजऱ्याशेजारी क्लिपमध्ये बसवला, तर बदलापूरच्या पेव्हर ब्लॉकवर तो इतका खडखडला की लोक वळून बघायला लागले. मग दिनानाथांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून क्लिपच्या आत गुंडाळला आणि वरून जयदेवभाईंचे रबरी पट्टे आवळले. हे सगळं त्यांनी चाचपत, बोटांनी केलं आणि कोणी मदतीला हात पुढे केला तर तो बाजूला सारला. खडखड थांबली. पण पुढच्या चाकाची धूळ थेट पंपाच्या तोंडात जात होती. हे मालिनीबाईंनी पाहिलं आणि एका मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवून त्याची दोरी ओढायची पिशवी शिवली. टीप घालताना त्यांनी विचारलं की हा पंप नसता तर काय झालं असतं. वैदेही म्हणाली, चालत यावं लागलं असतं. किती? पंधरा-वीस किलोमीटर. मालिनीबाईंनी ती टीप परत एकदा घातली.

एकटीच्या पहिल्या रविवारी काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी धरणाच्या अलीकडे, झाडीतल्या उतारावर, मागचं चाक अचानक जड झालं आणि दोन-तीन वळणांत रिमवर आलं. वैदेही उतरली. फोन काढला, तर रेंज नव्हती. रस्ता रिकामा होता. सावलीत अजून गारवा होता.

वळणावरच्या दगडावर एक म्हातारी टमटमची वाट बघत बसली होती, शेजारी मुळ्याच्या जुड्यांची पाटी. ती उठून जवळ आली.

"काय झाला गो?"

हवा गेली, वैदेहीने सांगितलं. मग आता काय करशील, म्हातारीने विचारलं. भरेन, वैदेही म्हणाली, आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर तिला सायकल उलटी करणं भागच पडलं.

चाक निघालं. टायर उचकटायला मात्र खूप वेळ लागला. दिनानाथ ज्या दोन पट्ट्या लोणी कापावं तशा फिरवत, त्या तिच्या हातून दोनदा सटकल्या आणि एका बोटाचं साल निघालं. जुनी ट्यूब बाहेर काढून नवी घालणार, तेवढ्यात तिला आठवलं की दिनानाथ आधी टायरच्या आतून बोट फिरवतात. तिने फिरवलं. तारेचा बारीक तुकडा टोचला. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही गेली असती, आणि तिच्याकडे ट्यूब एकच होती. तो तुकडा तिने म्हातारीला दाखवला. म्हातारीने तो घेऊन लांब गटारात टाकला. तिचं नाव वेणू होतं, मुळगावची. मुळे बदलापूरला विकायला नेत होती.

ट्यूब घातली, टायर बसवला, पंपाची नळी लावली, पट्टीवर पाय दिला. तीस-चाळीस झटके मारले तरी टायर ढिम्म. वेणूबाई कान देऊन ऐकत होती.

"वारा भायेरच जातंय," ती म्हणाली.

खरंच बाहेर जात होता. खटका पुरता बसला नव्हता. वैदेहीने नळी काढून परत लावली, खटका आवळून दाबला, आणि पुन्हा सुरू केलं. आता प्रत्येक झटक्याला टायर थोडा थोडा फुगायला लागला. वेणूबाई पाटीशेजारी बसून मोजायला लागली. ती विसाविसांनी मोजत होती. वीस झाले की मुळ्याचं एक पान तोडून मांडीवर ठेवायची. पाच पानं झाल्यावर वैदेही थांबली, पाठ सरळ केली, श्वास घेतला. तेवढ्यात टमटम आली. वेणूबाईने ड्रायव्हरला हात केला आणि पुढे जायला सांगितलं. मी दुसऱ्या गाडीने येते, म्हणाली. ही पोर एकटी हाय.

दहा पानं झाली, वर अकरावं पडलं. वैदेहीने अंगठ्याने टायर दाबला. कच्च्या पेरूसारखा लागला. तिने चाक बसवलं, फिरवून पाहिलं. ती वेणूबाईशेजारी दगडावर बसली. पंधरा मिनिटांनी दुसरी टमटम आली. वेणूबाईने जाताना तिच्या मांडीवर मुळ्याची एक जुडी ठेवली आणि पैसे देऊ केले तर हात झटकला.

घरी पोचायला वैदेहीला साडेदहा वाजले. दिनानाथ खाली पार्किंगमध्येच होते. मालिनीबाईंनी नंतर सांगितलं की त्यांनी दोनदा चपला घातल्या, रिक्षा बघायला म्हणून फाटकापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले. तिच्याकडे पंप आहे, असं स्वतःलाच सांगत आले.

त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. तिच्या काळ्या हातांवरून आणि जर्सीच्या खिशातून बाहेर आलेल्या मुळ्याच्या पाल्यावरून त्यांना जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. ते खाली बसले, बोटांनी मागचा व्हॉल्व्ह शोधला, त्यावर आपला गेज बसवला आणि म्हणाले, "वाच."

"चौऱ्याहत्तर."

"बारवीत, एकटीने, हातपंपाने चौऱ्याहत्तर." ते उठून उभे राहिले. "कंपनीत मी हे पास केलं असतं."

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी वैदेही निघाली तेव्हा सासूबाई आंघोळ करून, साडी नेसून तयार होत्या. एवढ्या लवकर कुठे, असं तिने विचारलं, तर त्या म्हणाल्या, बघू. ते तिला मुळगावला कळलं. खंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक रिक्षा उभी होती आणि शेजारी मालिनीबाई स्टीलच्या डब्यातून घावन वाढत होत्या. दिनानाथ रिक्षाच्या कडेला बसून खात होते. रिक्षावाल्याच्या हातातही एक घावन होतं.

वैदेहीने सायकल लावली आणि त्यांच्यात जाऊन बसली. मालिनीबाई डोंगराकडे, खालच्या शेतांकडे, लांब दिसणाऱ्या पाण्याच्या पट्टीकडे बघत होत्या. त्या तीसहून जास्त वर्षं अंबरनाथला राहत होत्या आणि या रस्त्याला कधी आल्या नव्हत्या.

"मला वाटायचं तुम्ही दोघं हायवेवर धूर खायला जाता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि रिक्षावाल्याला विचारलं, रस्ता इथून धरणापर्यंत जातो का. जातो, तो म्हणाला. दिनानाथ आत सरकून डावीकडे बसले, म्हणजे रस्ता त्यांच्या उजव्या डोळ्याला राहील. मालिनीबाई त्यांच्या शेजारी बसल्या. वैदेहीने हेल्मेटचा पट्टा लावला आणि पुढे निघाली. रिक्षा तिच्या मागे, तिच्याच वेगाने, हळूहळू येत राहिली.